आडवी रेघ

पत्र तार्तूहून आलं. सभ्य, चार ओळींचं.
तुमच्या पॅकेजमध्ये, त्यानं लिहिलं होतं,
पासवर्डांची पेटी पक्की आहे,
पण ॲडमिनचं टोकन ज्या फाइलमध्ये राहतं
ती त्या मशीनवर कुणालाही वाचता येते.
कृपया पाहावे.

पाहिलं.
लष्करात जानेवारी. खिडकीला कोहरा चिकटलेला,
किल्ला जागेवर आहे ना, कुणाला तरी विचारावं इतका.
गजकाचा कागद कीबोर्डाखाली चुरचुरतो.
टर्मिनल म्हणतं: सहा, चार, चार.
मालकानं लिहावं-वाचावं,
गटानं वाचावं,
मग आल्यागेल्यानंही.

हा शेवटचा चार कुणाचा?
नोंदी उलट्या चाळत मागे मागे गेले.
सापडली. तीन वर्षांपूर्वी, रात्री अकरा चाळीस,
यामिनी पारखे.
म्हणजे मी.
शेरा: किरकोळ दुरुस्ती.

तारीख ओळखीची निघाली.
जयारोग्य, तिसरा मजला,
बाबांच्या उशाशी स्टूल, स्टुलावर लॅपटॉप,
सलाइनचे थेंब मोजता मोजता
कुणाची तरी तक्रार मिटवलेली:
सर्व्हिस सुरू होत नाही, फाइल वाचता येत नाही म्हणते.
वाचू दे, म्हटलं असेन. सगळ्यांनाच वाचू दे.
सुरू झाली.
सकाळी बाबांनीही चहा मागितला.
त्या रात्री दोन्ही गोष्टी सुरळीत झाल्या
असं मी धरून चालले होते.

आता सहा, शून्य, शून्य.
एवढ्यानं भागत नाही.
सर्व्हिस रूट म्हणून चालते आहे,
दूध द्यायला आलेल्याच्या कनवटीला अख्ख्या घराच्या किल्ल्या.
नोंदणी सताड उघडी, येईल त्यानं खातं काढावं,
नवख्याला सोपं जावं म्हणून मीच ठेवलेली.
आणि हे तर त्यानं कळवलंही नव्हतं:
अपडेट आलं की लोकांची मांडणी न विचारता पुसली जाते,
कुणी रात्र जागून जुळवलेली असली तरी.

सर्व्हिसला तिचा वेगळा वापरकर्ता दिला,
ज्याला लॉगिन नाही, घरही नाही.
फाइल त्याच्या नावावर केली.
तेव्हाच करायची होती. एक ओळ होती फक्त.

बाबा मफलर गुंडाळून दारात.
पस्तीस वर्षं एजी ऑफिसात हिशेब तपासलेला माणूस.
त्यांनी संगणकाचं काही विचारलं नाही.
खोडलंस का?
खोडता येतं, म्हटलं. जुनी नोंदसुद्धा बदलता येते,
तशी आज्ञाच आहे.
आज्ञा असेल, भई. खोडायचं नाही.
आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी सही आणि तारीख.
मग डॉक्टरांनी मना केलेला गजक
माझ्यासमोर उचलून घेऊन गेले.

बदलांच्या यादीत लिहिलं:
तीन वर्षं ही फाइल उघडी होती. चूक माझी.
परवानगी बदलल्यानं
आधी वाचलेलं न वाचलेलं होत नाही,
म्हणून टोकन बदला. आजच बदला.
पुढे ‘रुग्णालय’ असा एक शब्द लिहिला
आणि तो मात्र खोडला.
तो या हिशेबातला नव्हता.

कळवणाऱ्याचे आभार, नाव पूर्ण.
त्याच्या ‘ओ’वरची छोटी लाट
नीट उमटते का, दोनदा पाहिलं.

पावणेचारला पाठवलं.
तार्तूत सव्वाबारा झाले असतील, तोही जागा असेल किंवा नसेल.
किती मशिनांवर, किती जणांनी
तो शेवटचा चार वापरला,
हे कळायची कुठेच सोय नाही.
तशी नोंद ठेवण्याचं
तीन वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

कीबोर्ड उलटा करून
तीळ झाडले.