एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

दोसिंदा पहिल्यांदा आमच्यात आली तेव्हा
नवऱ्याचे रबरी बूट घालून आली, आत मोजे कोंबून.
सुकतीला चिखलात एक बूट रुतला तो रुतलाच.
एका बुटावर तिने त्या दिवशी
साडेतीन किलो तिसऱ्या काढल्या.
आम्ही हसलो. तीही.

गालिसियाच्या त्या किनाऱ्यावर तेव्हा
आम्हाला कुणी कामगार म्हणत नव्हतं.
वजन एलादियो करायचा, भाव एलादियोच सांगायचा,
आणि काटा त्याच्या मेहुण्याचा.
पाठ मोडली की घरी बसायचं, एवढीच पेन्शन.

तिने मुलाची अर्धी कोरी वही आणली.
पहिल्या रकान्यात नाव,
मग आजची तिसरी किती,
मग किती वर्षं वाकतेस,
आणि शेवटी, पाठ कशी आहे.
उशीयाची आई म्हणाली, पाठ? आहे का अजून, बघून सांग.
दोसिंदाने तेही तसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या वहीतून नवा काटा निघाला. परवाने निघाले,
प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला, तिचा एक्केचाळीस.
विमा निघाला, तोही भांडून,
आणि मासळी बाजाराच्या माडीवर एक खोली,
जिचं छत गळायचं,
जिथे ती विधवांचे अर्ज मोठ्याने वाचायची.
म्हणायची, सरकारी भाषा
मोठ्याने वाचली की लाजते.

डबाबंद मासळीच्या कारखान्याने खाडीत घाण सोडली त्या वर्षी
मेलेल्या शिंपल्यांच्या अठ्ठावीस बादल्या
आम्ही नगरपालिकेच्या पायऱ्यांवर ओतल्या.
महापौर नाकाला रुमाल लावून खाली आला.
वर जाताना त्याला कळलं असावं
पुढच्या खेपेला त्याच्या खोलीत कोण बसणार.

तिथून राजधानी फार लांब नव्हती, दोन तास, एक बस बदलून.
प्रादेशिक संसदेतलं तिचं पहिलं भाषण
आम्ही तिसऱ्या निवडता निवडता रेडिओवर ऐकलं.
कागदाचा आवाज नाही, खाकरणं नाही.
रेमेदियोसने रेडिओला हात लावून पाहिलं,
ताप तपासावा तसा.

ती बदलली असं मी म्हणणार नाही.
माणसं म्हणतात, सोपं असतं ते.
मला एवढंच आठवतं, ती आधी 'आपण' म्हणायची.
मग एका सभेत म्हणाली 'आम्ही',
आणि त्यात आम्ही नव्हतो.

खातं मिळाल्यावर तिसऱ्या महिन्यात हुकूम आला:
खाडी दोन वर्षं बंद. खाली तिची सही,
तीच, द खाली लांब ओढलेला.
स्वतः आली सांगायला, हे खरं.
बी संपत चाललंय, म्हणाली, दर वर्षी वजन घटतंय,
आकडे मी तुमच्याच वहीतून काढलेत.
उशीयाने बिल्ला टेबलावर आपटला.
तो घरंगळत जाऊन तिच्या बुटाशी पडला.
चांगले बूट होते, चामड्याचे.

निवडणुकीत ती एकशे बारा मतांनी पडली.
त्यातलं एक माझं.

खाडी उघडली. तिसऱ्या आल्या,
पूर्वीइतक्या नाहीत, पण नखाहून मोठ्या.
तिचं नाव कुणी काढलं नाही.

मंगळवारी मी पेन्शनचा अर्ज घेऊन माडीवर गेले.
ती परत तिथे बसते, हे ऐकून होते.
चष्मा वाढलाय. बिल्ला खिळ्याला टांगलाय.
मतदानाचं तिने विचारलं नाही, मी काढलं नाही.
अर्ज घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली,
जुन्याच आवाजात, बोट ओळीखाली.
चौथ्या कलमावर थांबली.
परत वाचलं, हळू.
'सदर घटकास अनुज्ञेय राहणार नाही.'
कुणी लिहिलंय हे, मी विचारलं.
ती म्हणाली, मी.

वरून थेंब कागदावर पडत होता.
मी बादली जराशी सरकवली.