टायरमधली बाग

मार्चमध्ये कारागांदात अजून बर्फच,
कोळशाची पूड बसून कडेनं काळवंडलेला.
तळमजल्याच्या खिडकीत मात्र
झिनाइदा कार्लोव्हनाची रोपं
दुधाच्या कापलेल्या खोक्यांत दाटीवाटीनं उभी,
दोन-दोन पानांची,
सगळ्यांच्या माना काचेकडे.
रोज सकाळी ती खोके अर्ध्या वळणानं फिरवते.
"एकाच बाजूला बघत राहिलं की कणा वाकडा होतो,"
म्हणते,
रोपांना की मला, कळत नाही.

पिटुनियाचं बी इतकं बारीक
की काडीचं टोक ओलं करून एकेक उचलायचं
आणि शिंक आली तर तोंड फिरवून.
मखमलीचं बी मागच्या सालचं,
विजेच्या बिलाच्या पाकिटातलं,
जळक्या काड्यांसारखं, शेपटाला पिवळट केस.
या फुलाचं नाव मखमलीवरूनच का पडलं
ते बोट लावल्याशिवाय पटत नाही.
डेलियाचे कंद हिवाळाभर
आंघोळीच्या टबाखाली, वाळूत.
कुणी डोकावलंच, तर "बटाटे".

आणि अंगणात ते टायर.
व्हिक्टर बस चालवायचा तेव्हाचे,
डेपोतून मागून आणलेले, झिजलेले.
साबणाचं पाणी लावून सुरीनं कड दातेरी कापायची,
मग टायर उलटा करायचा;
त्याला दोन माणसं लागतात आणि एक शिवी.
वरून पांढरा रंग.
वर्षानुवर्षं गावभर फिरलेलं रबर
आता जागच्या जागी,
पोटात शेणखत घेऊन.

मे महिन्यात तिनं वाफा खणून ठेवला होता.
सकाळी बघतो तर त्यावर तेमिरची गाडी,
जुनीच, पण त्याच्यासाठी नवी, चंदेरी.
आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पडद्याआडून.
मीसुद्धा. शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी मी
चहा गार होईपर्यंत पडदा धरून उभी.

ती ओरडली नाही.
जून लागल्यावर दंताळं घेऊन खाली उतरली
आणि गाडीभोवतीच रोपं लावली,
चाकाला वळसा घालून, बंपरला वळसा घालून,
जणू तिथे मोठा दगडच आहे.
झारीचं पाणी दारावर उडालं.
तेमिर तक्रार घेऊन आला : चिखल.
"धुतला की जातो," ती म्हणाली.
"चाकाखाली दडपलेली माती
पुन्हा भुसभुशीत व्हायला दोन वर्षं लागतात."
एवढंच. मग ती गुडघ्याखालची गादी सरकवून
पुढच्या रोपाकडे वळली.

गाडी वीतभर मागे गेली.
आठवड्यानं आणखी वीतभर.
माफी मागताना कुणी त्याला पाहिलं नाही.
जुलैत एका सकाळी तिच्या दारात टायर सापडला,
हिवाळ्याचा, पार गुळगुळीत.
तिनं तो उलटसुलट पाहिला.
"रंग कोण देणार?" जिन्यात आवाज घुमला.
वरून कुठलंतरी दार लागलं.
रविवारी पांढरा डबा आला, ब्रश मात्र आला नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीलाच रेडिओनं सांगितलं :
रात्री शून्याखाली.
कुंड्या उचलून जिन्यात ठेवता येतात.
टायर उचलता येत नाहीत.
आम्ही खाली उतरलो, चादरी, जुने कोट,
मेजावरची मेणकापडं, येरासिलचा फाटका तंबू घेऊन.
ॲस्टर झाकले, पिटुनिया झाकली.
डेलिया कमरेएवढे उंच,
त्यांना काही पुरेना.
तिनं स्वतःची शाल काढली
तेवढ्यात तेमिरनं गाडीवरचं कव्हर ओढलं,
झटकलं,
आणि न विचारता डेलियांवर टाकलं.
"एवढं लोंबतंय, वाऱ्यानं उडेल," ती म्हणाली.
तो विटा शोधायला गेला.

सकाळी सगळं अंगण पांढरं.
तेमिर काचेवरचा बर्फ बँकेच्या कार्डानं खरवडत होता,
नाक लाल, हात लाल.
मी शाळेत जाताना कव्हराचं टोक उचलून पाहिलं.
आत उबदार काळोख, ओल्या मातीचा वास,
आणि लाल, अजून लाल.
टोक परत विटेखाली दाबलं.
तास चुकला माझा, पहिला.