पायाचं माप

सीपीआरमधून घरी आणलं तेव्हा
यांचे पाय यांचे नव्हतेच.
घोटा कुठं, नडगी कुठं, काही उमजेना.
अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा
आणि तसाच राहायचा,
भिजवलेल्या चामड्यावर राहतो तसा.
चाळीस वर्षं चामडं दाबून बघणारा माणूस
स्वतःच्या पायाकडं बघून म्हणाला,
"अजून ओलं हाय. वाळाय पायजे."

डाव्या पायातली शीर काढून काळजाला जोडली.
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाके.
ती शिवण यांनी दोनदा निरखली,
कुणाच्या हातची, विचारून घेतलं.

सकाळी सातला पाण्याची गोळी.
मग दुपारपर्यंत
मोरी आणि खाट, खाट आणि मोरी.
दिवसाला एक तांब्या पाणी, चहा धरून.
मीठ बेतानं. खर्डा बंद.
रविवारी शेजारच्या आकुबाईकडं रस्सा उकळला की
हे भिंतीकडं तोंड करून झोपायचे.

गिऱ्हाइकांच्या मापांची वही,
पुढून लोकांचे पाय,
मागून आमचे आकडे:
आत हजार, बाहेर अठराशे.
आणि गोळी घ्यायच्या आधी रोज
हे कागदावर पाय ठेवायचे,
मी पेन्सिल फिरवायची.
एकाच कागदावर रोजची एक रेघ,
कालच्या रेघेच्या आत.

एकदा गोळी चुकली.
चुकली कसली, बंडीच्या खिशात सापडली.
शिवाजी चौकात उधारी मागायला जायचं होतं,
"रस्त्यात कुठं बसू मी, या वयात?"
उधारी मिळाली नाही.
रात्री तीन उशा लावूनही आडवं होता येईना,
छातीत भात रटरटावा तसा आवाज.
सकाळची रेघ
तीन दिवसांच्या रेघा ओलांडून बाहेर.
मी काही बोलले नाही.
रेघेपाशी तारीख घातली.

ओपीडीतल्या निंबाळकर मॅडमनी गोळी वाढवली.
मग पोटऱ्यांत वांब.
रक्त तपासलं, गोळीची मात्रा बदलली.
पाणी जाताना एकटं जात नाही, म्हणाल्या,
अंगातलं बाकीचंही थोडं घेऊन जातं.
ते मला कुणी सांगायला नको होतं.

आता तीन महिने झाले.
उजवा पाय जुन्या मापाला आला.
डावा नाही. शीर नेलेली बाजू,
दिवस कलला की फुगतेच.

काल यांनी रापी मागितली.
उजवा तळ नऊचा कापला,
डावा साडेनऊचा.
हातोडी उचलायची अजून भीती, ती मी मारली.
वेणी मीच घातली, ती नेहमीच माझी.
जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले,
"दोन पाय कधी सारखं नसत्यात, सायेब,"
आणि जोड मात्र सारखाच विकत आले.

डावा पट्टा जरा सैल ठेवलाय.
संध्याकाळसाठी.