चौदा नंबर

उघेलीच्या बाहेर, पाम तेलाच्या घाण्यामागे
पत्र्याच्या छपराखाली अकरा टाक्या आहेत
आणि एक वजनकाटा, जो नेहमी
पाच ग्रॅम जास्त दाखवतो.
मामा ओनोमे म्हणते, राहू दे,
उधारी मागायला आलेल्यासारखा तो जरा घाईत असतो.
मी वहीत प्रत्येक आकड्यातून पाच वजा करते.

काल संध्याकाळी सातला सुया टोचल्या,
पाठीच्या पंखाखाली, तिरक्या,
डोळ्यांवर ओलं फडकं टाकून.
अंधार झाला की मांगूर शांत होते.
माणसासारखीच, मी म्हणाले.
माणूस कुठे शांत होतं, मामा म्हणाली.
मग रात्रभर जनरेटर,
आणि तो बंद पडला की टाक्यांतली सळसळ.

पहाटे पाच. पोटावरून अंगठा फिरवायचा
डोक्याकडून शेपटीकडे.
दाबायचं नाही, फक्त सुचवायचं.
गाबोळी उतरते, हिरवट तपकिरी,
भिजवलेल्या राजगिऱ्यासारखी, कोरड्या टोपात.
एका ग्रॅममध्ये सहाशे-सातशे दाणे.
मी मोजलेत, टाचणीच्या टोकाने, तीनदा.
तिसऱ्यांदा डोळ्यांतून पाणी आलं म्हणून सोडलं.

नराला मारूनच त्याचं बीज काढावं लागतं.
त्याच्यासाठी वहीत रकाना नाही.
दुपारी मिरीच्या सूपमध्ये तो असतो.

कॉलेजात एरुओतोर सरांनी फळ्यावर रेघ ओढली होती.
खाली मादीचं वजन, बाजूला अंडी,
रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली
नव्या घराच्या जिन्यासारखी.
मोठी मादी, मोठी ओंजळ.
मला पटलं होतं.
आडात असेल तर पोहऱ्यात येणारच.

एक नंबर, सव्वा किलो: एकशे पंचेचाळीस ग्रॅम.
सहा नंबर, दोन किलो दोनशे: दोनशे नव्वद.
नऊ नंबर जेमतेम नऊशे ग्रॅमची, शेपटी कुरतडलेली,
तिने एकशे साठ दिले
आणि टोपात उडी मारून मामाचा लुगडा भिजवला.
तरी तेरा ठिपके रेघेच्या आसपास राहिले,
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखे,
एखादं रांगेबाहेर, एखादं पुढच्याच्या मानेवर.

मग चौदा नंबर.
चार किलो शंभर. दोघींनी धरून आणली.
मामा मोठा टोप पुढे सरकवून बसली.
अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.
नव्वद. पाच वजा केले, पंच्याऐंशी.
टोपाचा तळसुद्धा झाकला नाही.

सर फोनवर म्हणाले, मोजण्यात चूक असेल, खोडून टाक.
मामा म्हणाली, मागच्या खेपेला हिनेच
तीन टाक्या भरल्या होत्या.
तेव्हा वही नव्हती. तूही नव्हतीस.
दर वेळी देईन असं तिने कुठे लिहून दिलंय?

मी तिचा एक ग्रॅम वेगळा काढला.
चारशे ऐंशी दाणे, बाकीच्यांपेक्षा ठळक,
टाचणीखाली लवकर न फुटणारे.
याचा अर्थ काय, मला माहीत नाही.
मी तेवढंच लिहिलं.

वारीहून आलेला गिऱ्हाईक टाकीवर वाकून म्हणाला,
त्या मोठीचीच पिल्लं द्या मला.
मामाने त्याला नऊ नंबरची दिली
आणि पैसे घेताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी टाकीच्या कडेला
पिल्लांची काळी किनार धरली,
सावली समजून मी हात फिरवला
आणि सावली फाटली.

सरांना पाठवलेल्या कागदावर तेरा ठिपके आहेत.
वहीत चौदा.
चौदावा इतका खाली उजवीकडे आहे
की पान उलटताना
दर वेळी माझा अंगठा बरोबर त्याच्यावर पडतो.