आधी हात

फेब्रुवारी ते मे
आईने माझ्या गालाला कधी हात लावला नाही.
कोपर लावायची.
ताप बघायचा तर कोपराने,
रडू आलं तर कोपराच्या आतल्या मऊ बाजूने पुसायची.
मला वाटे, सगळ्यांच्याच आया अशा असतात.

कळमन्याहून सातच्या ऑटोत सहा जणी यायच्या,
सहाही शिंकत.
शेषराव ऑटोवाला तोंडाला गमछा बांधून म्हणे,
बायांनो, माझ्या डोयाचं भाडं येगळं लावतो आता.
दिवसभर भिवापुरी मिरचीचे देठ खुडायचे, पोत्यामागे पैसे,
आडतीच्या शेडमध्ये उन्हाच्या तिरिपेत
लाल धूळ अशी तरंगे की सुंदर दिसे.
हे आईच म्हणाली एकदा.
सुंदर दिसते मेली, म्हणाली, आणि डोळे मिटून बसली.

घरी आली की मला उंबऱ्याच्या आत ठेवायची.
आधी हात.
वाटीत जवसाचं तेल, पेरापेरात, नखांच्या खाली,
मग साबण, मग परत तेल, परत साबण.
नुसतं पाणी मिरचीले फिरवते, उतरवत नाही.
मग कुठे डोळे:
उकळून गार केलेलं पाणी ओंजळीत घेऊन
त्यात डोळा बुडवायचा, उघडायचा, मिटायचा,
माशासारखा.
मग जुन्या लुगड्याची ओली घडी पापण्यांवर,
आणि कन्हानच्या रेतीतली काकडी असली
तर दोन चकत्या, आधी नीट धुतलेल्या.
उरलेली मी खायची, मीठ लावून.

शेजारची यमुना पौनीकर सांगे, मध घाल,
कोणी म्हणे गाईचं दूध, कोणी तुळशीचा रस.
आई मेयोत एकदा रांगेत चार तास उभी राहून
एक वाक्य घेऊन आली होती, ते तिने जन्मभर वापरलं:
डोयात खायचं काही घालू नोको, डोया म्हंजे तोंड नाही.
आणि चोयू नोको. आग झाली तरी चोयू नोको.
दुसऱ्या दिवशीही दुखलं, अंधुक दिसलं, तर उठायचं अन् मेयोत जायचं.

एका वर्षी तिने बर्डीच्या फुटपाथवरून
वेल्डिंगवाल्यांचा चष्मा आणला, चाळीस रुपयांचा.
शेडमध्ये हसल्या सगळ्या. हिरोईन आली, हिरोईन.
पुढच्या सोमवारी ऑटोत सहा चष्मे होते.
शेषराव काही बोलला नाही.
मंगळवारी त्यानेही एक घेतला.

आता मी मिहानमध्ये रात्रपाळी करते.
मिरची नाही, धूळ नाही,
तरी पहाटे डोळ्यांत कन्हानची रेती.
बाहेर शेहेचाळीस अंश, आत वाळ्याचा कूलर,
आणि मी त्याच्या तोंडासमोर पडलेली.
आई आली, कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलं.
वाऱ्यानं सुकतेत, म्हणाली.
सुट्टीच्या दिवशी घरून काम करते तेव्हा
ती दाराशी बसून माझ्या पापण्या मोजते.
तू पाडतच नाहीस वं पापण्या.
मी सत्तर आकडे मोजले, तू तीनदा पाडल्या.
उठ. त्या कडुलिंबाकडे पाह्य. शेंड्याकडे. लांब पाह्य.
मी कडुलिंबाकडे पाहते.
त्यावर एक कावळा होता, तोही
आडव्या पडद्यासारखी पापणी ओढून घेत होता.

आईने आडत सोडून नऊ वर्षं झाली.
काल पाणी थांबेना डोळ्यांतलं,
तेव्हा ती जवळ आली आणि
कोपर पुढे केलं.
म्हटलं, आई, हात लाव ना. आता कुठे मिरची आहे हाताला.
तिने बोटं नाकाशी नेली, हुंगली,
एकेक करून.
मग उठली
आणि फळीवर तेलाची वाटी शोधू लागली.