पाठराखीण

देवगडच्या कातळावर दुपारची सुकती,
वैशाखातली. थर्मामीटर टेकवला
तर खडक सेहेचाळीस दाखवतो.
माझ्या बर्फाच्या डब्यात अकरा कालवं,
नंबर घातलेली.
गुणामावशीच्या टोपलीत दोनशे तरी.

"ह्या उन्हात ही मरत कशी नाय गो?"
पन्नास वर्षं कोयतीने फोडून झाल्यावर
ती आज विचारते.

मी सांगते: पेशीत एकेक मणी ओवत
प्रथिनाची साखळी बाहेर येते,
अर्धी आत, अर्धी उघडी,
आणि पाण्याला बुजणारे तिचे भाग
दिसेल त्याला बिलगू पाहतात.
बिलगले की गुठळी.
तव्यावर अंड्यातलं पांढरं थिजतं ना,
तसं. मागे फिरणं नाही.

म्हणून तिथे आणखी एक प्रथिन,
त्या बुजऱ्या जागेवर हात ठेवून उभं.
घडी ते घालत नाही.
घडी कशी पडायची ते साखळीचं साखळीला ठाऊक.
ते फक्त धरतं, सोडतं, पुन्हा धरतं,
दर खेपेला थोडी शक्ती खर्चून,
आणि घडून झालेल्या प्रथिनात
त्याचा एक मणीही नसतो.
ऊन चढलं की कालवं
बाकीची कामं टाकून आधी हेच बनवतात.

मावशी कोयती लुगड्याला पुसते.
"मगे पाठराखीण म्हण की सरळ."

प्रबंधात मी त्याला एक आकडा दिलाय. सत्तर.

सात नवऱ्या पोचवल्या तिने.
विजयदुर्ग, आचरा, तरीतून जैतापूर,
आणि सर्जेकोटला माझी आई.
चार रात्री आईच्या शेजारी झोपली,
परक्या घरात घागर कुठे ठेवतात ते बघून ठेवलं,
पाचव्या दिवशी चुलीपाशी
आई जावेबरोबर कशालातरी हसली.
मावशीने पिशवी भरली, दुपारची एसटी धरली.
लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही.

जैतापूरचं मात्र जमलं नाही.
त्या मुलीचं नाव ती घेत नाही.

धरूनही जी साखळी घडत नाही
तिला पेशी खूण करते, मग तोडते,
मणी सुटे करून दुसरीकडे वापरते.
एवढं मी सांगितलं नाही.
मावशीनेही पुढचं विचारलं नाही,
टोपली डोक्यावर घेतली,
"चल, पाणी इला."

घोट्याशी लाट.
खडकावरचं एक कालव
किंचित उघडलं.