वाऱ्याचा मोजा

मोजा म्हणतात त्याला.
पायाचा नव्हे, बारा फुटी,
एका तोंडाने रुंद, दुसऱ्याने निमुळता,
नारिंगी, पांढरा, नारिंगी, पांढरा, नारिंगी.
पहिल्यांदा कापड मशीनवर टाकलं तेव्हा
पाचपावलीतल्या बाया दारातून म्हणाल्या,
"काहून वो चंद्रकला, हत्तीचा पायजमा शिवून राहिली का?"

वर्षातून एकदा जाते, एप्रिल सरता सरता,
अंधारात निघून, काटोल रस्त्याने,
फेटरीच्या पुढे ऑटो आत वळतो.
पत्र्याचं हँगर, मुरमाची धावपट्टी,
एक लिंब, लिंबाखाली खाट,
खाटेवर खरखरणारा वायरलेस.
साडेपाचलाच सगळे कामाला.
दहानंतर विमान झाकून ठेवतात.
शेहेचाळीस डिग्रीत हवा पातळ होते म्हणे,
पाहुणे वाढले की वरण होतं तशी,
पंखाला धरायला काही उरत नाही.

चौकीदार कवडू थाळी बडवत पट्टीवर धावतो.
रोही वळून बघतात,
कोणाची वरात आहे, एवढंच बघतात,
मग सावकाश तुरीत शिरतात.
गजभिये मेकॅनिक पंखाखालून
थोडं पेट्रोल काचेत घेतो,
उगवत्या उन्हासमोर धरतो. निळं.
पाण्याचा थेंब नाही.
मग ती काच माझ्यापुढे धरतो,
जसं काही मला त्यातलं कळतं.

अकराशे रुपये होतात मोज्याचे.
डॉक्टर पिंपळापुरे दातांचे, धरमपेठेतले,
फोनवर म्हणाले, "पैसे देतोच,
पण या खेपेला वर चला.
आपलं काम वरून कसं दिसतं, बघा तरी."
म्हणून निघताना गच्चीवर
लाल लुगडं वाळत घातलं होतं,
घर ओळखू यावं.

दार टेम्पोच्या दारापेक्षा हलकं.
"लागलं का, ढकलून बघा," ते म्हणाले.
ढकलून बघितलं. दोनदा.
मग खडखड, खडखड,
आणि बॉबिनमधून दोरा सुटावा
तशी जमीन सुटली.

संत्र्याच्या बागा म्हणजे नुसती टिपंच टिपं,
एका मापाची, कुठे कुठे उसवलेली.
गोरेवाडा तलाव.
पुढे शहर, धुळीत,
निळ्या टाक्या, निळ्या टाक्या,
आणि प्रत्येक गच्चीवर काहीतरी लाल.
आईच्यान सांगते,
तीस वर्षं राहते त्या गल्लीत,
नाही सापडली.

परतताना डॉक्टर बोलायचे थांबले.
माझ्याकडे नाही, पट्टीकडे नाही,
बाजूच्या खांबाकडे बघत होते.
खांबावर माझा मोजा,
अंगुस्तानाएवढा.
"उजवीकडून येऊन राहिला," ते स्वतःशीच म्हणाले,
आणि उजवा पंख खाली घातला.

तेव्हा मला आठवलं.
तिसऱ्या पट्ट्यापाशी लाइट गेली होती.
मेणबत्तीत एकच टीप मारली,
दुसरी उद्या मारू म्हटलं,
उद्या गिऱ्हाइकाचे तीन ब्लाउज होते.
बाप मागावर बसायचा, तो म्हणायचा,
धागा तुटतो तिथं दोष नसतो पोरी,
आधी कुठंतरी हात उचललेला असतो.
पोटात गोळा आला. तो विमानाने आला
असं डॉक्टरांना वाटलं.
"घाबरू नका जी," म्हणाले.

एक चाक टेकलं, मग दुसरं, मग पुढचं.
धूळ मागून येऊन आमच्या पुढे गेली.

उतरले, तशी कवडूला म्हटलं, मोजा खाली घे.
"आत्ताच तर चढवला बाई."
घे म्हटलं ना.
खाटेवर बसले, पिशवीतून सुई काढली,
तिसऱ्या पट्ट्याची शिवण मांडीवर घेतली.
एक पोरगा शिकायला आला होता उमरेडहून,
त्याची पाळी होती. तो घड्याळ बघत राहिला.
गजभियेने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.
कोणी काही बोललं नाही.
वर नुसता खांब, रिकामी कडी.
अर्धा तास वारा होता,
पण कोणाला दिसला नाही.